वजाबाकीचा रकाना

विमानाचं वजन करायचं तर आधी हँगरच्या छताचे पंखे बंद करावे लागतात. दारं लावून फटींत गोणपाट कोंबावं लागतं. विमानाच्या पंखांवरून नुसती झुळूक गेली तरी ते थोडंसं उचलू पाहतं आणि काटा खोटं बोलतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या पामडेलला वारा सकाळी नऊच्या सुमाराला सुटतो आणि दिवस मावळेपर्यंत हटत नाही, म्हणून वजनं आम्ही पहाटे करायचो. चार-पाच माणसं, सगळी रबरी तळव्यांच्या बुटांत, आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही.

एकोणीसशे त्र्याऐंशी साली मला कंपनीच्या वजन विभागात चौदा वर्षं झाली होती. आराखडे काढणारी मंडळी मला लांबून येताना पाहिली की कागदावर हात ठेवायची. "आली वजनबाई, पोटं आत घ्या," असं कुणीतरी हळूच म्हणायचं. मी त्यांच्या टेबलाशी उभी राहायचे आणि वजन उतरवायला या पट्टीला अजून दोन भोकं पाडता येतील का, एवढंच विचारायचे. मी कधी आवाज चढवला नाही. उभी राहिले की बहुतेक वेळा भागायचं. त्या साली आम्ही बनवत होतो त्या लढाऊ विमानाचे माझ्या उभं राहण्यानं साडेतीनशे पौंड कमी झाले असतील.

रोज पहाटे कंपनीच्या आवारात गाडी लावून आत बसूनच जपमाळ पुरी करायची आणि मग फाटकाशी ओळखपत्र दाखवायचं, असा माझा नेम होता. दुसरा नेम कुणाला सांगितलेला नव्हता. आपल्या हातानं खोटा आकडा लिहायचा नाही. आमच्या धंद्यात तो पाळणं शुक्रवारच्या उपासाहून अवघड. मी लिहिलेल्या आकड्यावर विमानाचा तोल ठरतो, आणि त्या तोलावर एक माणूस चाळीस हजार फुटांवर बसतो.

वजनाच्या तक्त्याला दोन रकाने असतात. विमानाचं आहे पण अजून बसवलेलं नाही, ते बेरजेत. काट्यावर आहे पण विमानाचं नाही, ते वजाबाकीत: शिडी, झाकणं, जॅकवरच्या वाट्या, आणि आत कुणी बसलं असेल तर तो माणूस, नावानिशी. दोन्ही रकाने भरले की जे उरतं ते विमान.

पहिलं वजन मंगळवारी केलं. शुक्रवारी पहिलं उड्डाण होतं. विमान तीन जॅकवर उचललेलं, एक नाकाखाली आणि दोन पंखांखाली, प्रत्येकाच्या माथ्यावर एक काटा. टाक्या कोरड्या, कॉकपिट रिकामा. मी तिन्ही आकडे वाचले, बेरीज केली, वजाबाकी केली. हिशेबानं यायला हवं होतं त्यापेक्षा एकशे सत्त्याऐंशी पौंड जास्त आले.

एवढी तफावत म्हणजे कुणीतरी काहीतरी आत विसरलं. जमिनीवरच्या कारागिरांचा मुकादम ऑर्विल पीज याला मी तसं सुचवलं. दोनशे चाळीस पौंडांचा, सावकाश चालणारा माणूस. त्याला ते लागलं.

"बाई, माझ्या पोरांनी पाना विसरला असेल. पण एकशे सत्त्याऐंशी पौंड? तो काय पाना झाला?"

तरी त्यानं एकेक झाकण उघडायला लावलं. आरसे आणि विजेऱ्या घेऊन पोटापर्यंत शोधलं. एक बोल्ट सापडला, पाव औंसाचा.

तोवर मी दुसरा हिशेब मांडला होता. जादा भार तिन्ही काट्यांत कसा वाटला गेलाय हे पाहिलं की तो कुठं ठेवलाय ते सांगता येतं. साधं गणित आहे, दोन्ही टोकांना माणसं धरून पलंग उचलतात तेव्हा कुणाच्या हाताला जास्त ओढ लागते तसं. उत्तर आलं, नाकाच्या टोकापासून एकशे बेचाळीस इंच, बरोबर मध्यरेषेवर. मी ते तीनदा केलं, एकदा पेन्सिल बदलूनसुद्धा.

एकशे बेचाळीस इंचांवर वैमानिकाची खुर्ची होती.

बुधवारी खुर्चीच बाहेर काढली. तिचं जेवढं वजन, तेवढंच काट्यावरून उतरलं. एकशे सत्त्याऐंशी पौंड होते तिथंच राहिले. आता त्या जागी खाली नुसते रूळ होते आणि वर हवा. ऑर्विल शिडी चढला, वाकला आणि त्यानं त्या रिकाम्या जागेत हात घातला, पाण्याचा अंदाज घ्यावा तसा. मग हात काढून तो विजारीला पुसला. काय झालं म्हणून मी विचारलं. काही नाही म्हणाला. पण उतरताना त्यानं तो हात शिडीला लावला नाही.

दुपारी लॉस एंजेलिसहून नवे काटे मागवले. नव्या काट्यांनीही तेच सांगितलं.

आमचे विभागप्रमुख मर्विन टॅगर्ट वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांनी आपल्या जागेसाठी माझं नाव सुचवलं होतं. प्रमुखाच्या खुर्चीवर कधी बाई बसलेली नव्हती, आणि माझ्यासारखं बाराहास असलं स्पॅनिश आडनाव असलेलं तर कुणीच नाही. याची त्यांनी मला त्या दिवशी दोनदा आठवण करून दिली. हवाई दलाचे अधिकारी ओहायोहून निघाले होते. त्याच कंत्राटासाठी झगडणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं विमान पुढच्या आठवड्यात उडणार होतं. शुक्रवार चुकला तर आमचं विमान संग्रहालयात जाईल, असं ते म्हणाले, आणि संग्रहालयात त्याचं वजन कुणी विचारणार नाही.

गुरुवारी पहाटे वेंडेल ओस्टर आला. पहिलं उड्डाण तो करणार होता. एक्केचाळीस वर्षांचा, कानांवरचे केस पांढरे व्हायला लागलेले. याआधी त्यानं सात विमानं चाचणीला उडवली होती, पण प्रत्येक वेळी आधी कुणीतरी उडवून आणलेली. जे कधी जमिनीवरून उठलंच नाही ते आपण पहिल्यांदा उचलायचं, ही त्याची एकच हौस राहिली होती, आणि यापुढं ती मिळण्याचं त्याचं वय नव्हतं. गेल्या सोमवारी मीच त्याचं वजन केलं होतं, हेल्मेट, बूट, हवाईछत्री सगळं धरून.

एकशे सत्त्याऐंशी.

हा आकडा मला मंगळवारीच आठवला होता. मी तो मनात बाजूला ठेवला होता.

खुर्ची परत बसवली होती. वैमानिकासकट एक वजन घ्यायचं असतं, तेवढ्यासाठी वेंडेल चढला, आत बसला, पट्टे आवळले. मी काट्यांचे आकडे दाखवणाऱ्या पेटीकडं पाहत होते. आकडे हलले नाहीत.

मी त्याला उतरायला सांगितलं. आकडे तेच. पुन्हा चढायला सांगितलं. तेच. मग ऑर्विलला बसवलं तर काटा दोनशे चाळीसनं चढला. तो उतरल्यावर काटा उतरला. पुन्हा वेंडेल. शिडी त्याच्या पावलांखाली करकरली, खुर्चीची गादी दबली, आणि पेटीतला एकही आकडा पुढं सरकला नाही.

पंखे बंद होते. कुठंतरी तेलाचा थेंब ताटलीत पडत होता, तेवढाच आवाज.

वेंडेलनं वरून विचारलं, "काय गं वजनबाई, मी दिसत नाहीये का तुझ्या काट्याला?"

मी म्हणाले, "दिसतोयस. मंगळवारपासून दिसतोयस."

तो हसला. मग म्हणाला, "म्हणजे मी आधीच बसलोय तर."

तो उतरला तेव्हा कपाळ पुसत होता, आणि हँगरमध्ये तर थंडी होती.

दहा वाजता टॅगर्टनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. कोरा तक्ता समोर होता. ते वाईट माणूस नव्हते. पोटाच्या दुखण्यानं त्यांचा चेहरा कायम आक्रसलेला असायचा, त्या दिवशी जास्तच. त्यांनी मला समजावलं की वेंडेलसकट विमानाचं वजन बरोबर आहे, तोलही बरोबर आहे. उद्या वेंडेलच बसणार आहे. म्हणजे हवेत जे जाणार ते पूर्णपणे सुरक्षित आहे. चुकतोय फक्त कागद.

मी म्हणाले की वजाबाकीत 'कारण अज्ञात' असं लिहिते. ते म्हणाले की हवाई दल तसा कागद घेणार नाही, आणि बरोबरच आहे.

"वैमानिक लिही, इनेस. एक ओळ. तो बसलाच होता ना आत आज सकाळी?"

"वजन तो बसायच्या आधीपासून आहे, मिस्टर टॅगर्ट."

"मग तू सांग दुसरं काय लिहायचं. लिहू नकोस म्हणशील तर तेही चालेल. फोन फिरवतो आणि सगळ्यांना घरी पाठवतो. आठशे माणसं आहेत, बाई. मी तुला हुकूम करत नाहीये."

त्यांनी हुकूम केला असता तर सोपं गेलं असतं.

मी वेंडेलला शोधत गेले. तो हँगरबाहेर सावलीत उभा होता. वारा सुटला होता, पार्किंगमधली धूळ वळवळत आमच्याकडं येत होती. मी त्याला सगळं सांगितलं. उडू नकोस असंही सांगितलं. माझ्या बोलण्याला पुरावा काय, हे त्यानं विचारलं नाही. त्यानं एवढंच विचारलं की उद्या विमानाचा तोल बरोबर असेल का.

"आजच्या आकड्यांवरून तरी बरोबर आहे."

"मग लिही. सही कर. मला दुसरं काही मिळणार नाहीये गं, इनेस."

मी परत आले आणि लिहिलं. वजाबाकीचा रकाना, नववी ओळ: वैमानिक, वेंडेल ओस्टर, एकशे सत्त्याऐंशी पौंड. उत्तर हिशेबाशी तंतोतंत जुळलं. सही मी एका झटक्यात केली, याचं मला पुढं फार वाईट वाटलं. उद्या वेंडेल खाली उतरेपर्यंत अन्न घ्यायचं नाही असं मी ठरवलं. नेम मोडल्यावर दुसरा नेम धरायचा, हे देवाला कसं दिसत असेल कोण जाणे.

शुक्रवारी पहाटे जॅक काढण्याआधी ऑर्विलनं माझ्या नकळत काटे एकदा चालू केले होते. तो माझ्याकडं आला आणि हळू आवाजात म्हणाला, "गेलं."

"काय गेलं?"

"ते. एकशे सत्त्याऐंशी. आता फक्त विमान आहे."

माझ्या तोंडून देवाचे आभार निघाले. खरंच निघाले. त्याचा अर्थ काय होतो हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, कारण बेरीज-वजाबाकी हेच माझं काम. पण बाहेर इंजिन सुरू झालं होतं. मी नियंत्रण खोलीत गेले, भिंतीशी उभी राहिले आणि खिशात माळ धरली.

विमान धावलं. ठरल्यापेक्षा बरंच आधी त्याचं नाक उठलं.

"नाक हलकं आहे," वेंडेलचा आवाज आला, अगदी शांत. "पुढं दाबून धरावं लागतंय."

टॅगर्टनी माझ्याकडं पाहिलं.

"फार हलकं आहे. पुढं कुणी बसलेलंच नाही असं वागतंय हे."

खोलीत सगळे शेपटीच्या कोनाबद्दल बोलू लागले. मी मनात हिशेब करत होते. एकशे बेचाळीस इंचांवरून एकशे सत्त्याऐंशी पौंड काढून घेतले तर तोल किती मागं जातो. जेवढा जातो, तेवढंच ते नाक उचलत होतं.

त्यानं एकोणीस मिनिटांनी विमान खाली आणलं. नियंत्रणाची काठी पूर्ण पुढं दाबून, दोन्ही हातांनी. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेपटीचा कोन पुढच्या आठवड्यात बदलला, आणि विमान सरळ उडायला लागलं. नोव्हेंबरात कंत्राट आमच्याकडं आलं. जानेवारीत मी टॅगर्टच्या खोलीत बसले.

वैमानिकांची वजनं दर सोमवारी करायची असतात. उड्डाणानंतरच्या पहिल्या सोमवारी वेंडेल आला नाही. दुसऱ्या सोमवारी आला, काट्यापर्यंत आला, आणि आज राहू दे म्हणाला. मी राहू दिलं. जुनाच आकडा पुन्हा लिहिला. एकदा लिहिता आलं की मग अवघड जात नाही.

तो जिन्यावरून उतरताना कठडा धरायला लागला होता. वारा असला की आवार ओलांडायला थांबायचा, कुणी सोबत निघालं की त्याच्या आडोशानं जायचा. विचारलं तर गुडघ्याचं निमित्त सांगायचा. एका दुपारी तो माझ्या दारात उभा राहिला. आमच्याकडं विमानाचा तोल साधायला शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या असतात, पाच-पाच पौंडांच्या. त्यातल्या काही मिळतील का, असं त्यानं विचारलं.

"किती?"

"असतील तेवढ्या दे."

कपाटात होत्या तेवढ्या मी त्याला दिल्या. दार ओढून घेताना तो म्हणाला, "तू लिहिलंस म्हणून तुझ्यावर दोष ठेवत नाही मी. लिही म्हणून मीच सांगितलं होतं."

त्याच दिवशी मी दुरुस्तीचा अर्ज लिहिला. नववी ओळ खोटी आहे, ती मी लिहिली आहे, ती रद्द करावी. ओहायोहून तीन आठवड्यांनी उत्तर आलं. प्रत्यक्ष वजन आणि तक्ता यांत कोणतीही तफावत आढळली नाही, सबब दुरुस्तीची गरज नाही. खाली माझ्या अचूकतेबद्दल दोन ओळी कौतुकाच्या. फादरना सांगितलं तर ते म्हणाले की चूक कबूल केलीस, आता मन मोकळं कर. मन मोकळं होईना. मी पुन्हा अर्ज केला. पुन्हा तेच उत्तर आलं, शब्दन् शब्द तसंच.

मे महिन्यात कंपनीची सहल होती, गावाच्या पश्चिमेच्या बागेत. भाजलेल्या मांसाचा धूर, मक्याची कणसं, लाऊडस्पीकरवर कुणाचं तरी नाव पुकारणं चाललेलं. तो शुक्रवार नव्हता, तरी मला काही खावंसं वाटत नव्हतं. वेंडेलची बायको लोरेटा माझ्या शेजारी येऊन बसली. हल्ली तो पलंगावर झोपला की गादी हलतच नाही, असं ती हसत सांगत होती. म्हातारपणी पुरुष जड होतात म्हणतात, याचं उलटंच, म्हणाली.

वेंडेलच्या अंगात जाड कातडी जाकीट होतं. ऊन तापलं होतं. त्यांची पाच वर्षांची टेस त्याला ओढत होती, झुल्याकडं नव्हे, सीसॉकडं. तो नको म्हणत होता. ती हट्टाला पेटली. शेवटी त्यानं जाकीट काढलं आणि आमच्या बाकावर ठेवलं, हळूच, दोन्ही हातांनी. बाकाची फळी वाकली.

एका टोकाला टेस फळी पायांत घेऊन उभी राहिली. पलीकडच्या टोकावरून वेंडेलनं पाय टाकला आणि तो बसला, तशी तीही बसली.

त्याचं टोक वर गेलं.

अगदी वरपर्यंत गेलं आणि तिथंच राहिलं. त्याचे पाय लोंबकळत होते.

लोरेटा हसायला लागली. "पाहिलंस, काय नाटकी आहे. खाली जोर लावून बसलीय."

"टेस," वेंडेल म्हणाला, "मला खाली घे."

"मी काहीच करत नाहीये, बाबा."

ती करत नव्हती. तिनं दोन्ही पाय जमिनीवरून उचलून फळीवर मांडी घातली होती.

वेंडेलनं माझ्याकडं पाहिलं. दुपारचा वारा आता झाडांत शिरला होता. लोरेटा अजून हसत होती, आणि त्यानं समोरचा दांडा दोन्ही हातांनी इतका घट्ट धरला होता की त्याची बोटं पांढरी पडली होती.